शनवाऱ्याच्या गणपतीपुढचे अठरा इलेक्ट्रॉन

इलेक्ट्रॉन मी कधी पाहिला नाही. आमच्या ह्यांनी पाहिला नव्हता, आणि ज्या साहेबांच्या पुस्तकातून हे शिकले त्यांनीही पाहिला नव्हता, असं हेच सांगत. पण तो अणूत नेमका कुठे बसतो ह्यावरून बुऱ्हाणपुरात, शनवारा मोहल्ल्याच्या भर गणपतीत, चांगले शहाणेसुरते लोक एकमेकांशी बोलेनासे झाले, ते मात्र मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि तोंडात दात नाहीत. जीभ आहे, तेवढ्यावर सांगते.

हे शाळेत सायन्सचे मास्तर. नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेले, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या त्या गावात हत्ती आल्यासारखंच. फक्त हत्ती हंगामी होता. ह्याआधी दोन गावं झाली होती. खांडव्याला हेडमास्तरांना भर वर्गात 'तुमचं चुकलं' म्हणाले. अमळनेरला एका बड्या वैद्यबुवांच्या सुवर्णभस्मात सोन्याचा कणही नाही, हे काचेच्या नळीत घालून पोरांना दाखवलं. वैद्यबुवा शाळेच्या ट्रस्टींचे मेव्हणे निघाले. दोन्ही ठिकाणांहून आम्ही वळकट्या बांधून, ट्रंक डोक्यावर घेऊन निघालो. जित्याची खोड म्हणतात ती ही. माणूस गरीब, आवाज मऊ, पण खरं दिसलं की ओकल्याशिवाय पोटात अन्न ठरायचं नाही.

बुऱ्हाणपुरात दोन वर्षं हंगामी गेली होती. गणपती झाले की शाळेची कमिटी बसणार, आणि ह्यांना कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, पदरी पाच वर्षांची मुलगी होती, आणि चौथं गाव शोधायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. देवापुढे दिवा लावताना मी एवढंच मागत असे की बाबा रे, ह्यांना कायम होऊ दे, आणि तोवर ह्यांना गप्प ठेव.

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या लालबागेत कापसाची सरकी काढायचं जिन चालवणारे शेठ. गणपती मंडळाचे अध्यक्षही तेच. गावात अध्यक्षपदं पुष्कळ होती, माणूस एकच होता. दरवर्षी गणपतीपुढे पोरांचा सजीव देखावा व्हायचा. मागच्या साली लंकादहन केलं, त्यात लंका राहिली आणि मंडपाचा पडदा जळला. ह्या वर्षी नागपूरहून शाळा तपासनीस यायचे होते, तेव्हा शेठनी ह्यांना बोलावून सांगितलं की काही सायन्सचं करा, पण धार्मिक पाहिजे.

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावला असता. हे नाचतच घरी आले. मी शेंगा फोडत बसले होते, तर माझ्या सुपातले दाणे घेऊन लागले अणू मांडायला. मध्ये एक सुपारी ठेवली. म्हणाले, हा अणूचा गाभा, ह्याला धन भार. भोवती फिरतात ते इलेक्ट्रॉन, त्यांना ऋण भार. गाभ्यात जितका भार, तितकेच इलेक्ट्रॉन बाहेर, म्हणजे हिशेब बरोबर. पण ते वाटेल तशी गर्दी करत नाहीत. त्यांच्या कक्षा ठरलेल्या. पहिल्या कक्षेत दोन मावतात. तिसरा आला की त्याला तिथे थारा नाही, त्यानं दुसऱ्या कक्षेत जायचं. दुसरीत आठ मावतात. ती भरली की तिसरी. तिसरीतही आठ झाले की ती भरल्यासारखीच, त्यापुढच्या भानगडी तुला नकोत.

मी म्हटलं, ह्यात काय एवढं, पंगतीसारखंच तर आहे. तर हे म्हणाले, "पंगतीत ओळखीचा माणूस आला की सरकून जागा करतात. इथे कोणी सरकत नाही."

ठरलं असं की मध्ये गणपती, तोच गाभा. भोवती रस्त्यावर चुन्याचे तीन गोल आखायचे, आणि पिवळे फेटे बांधलेली पोरं त्यांवरून फिरवायची. ह्यांनी सोडियम निवडला, कारण तो मिठात असतो आणि मीठ सगळ्यांना ठाऊक. सोडियमचे इलेक्ट्रॉन अकरा. पहिल्या गोलात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात एक. गाभ्यातल्या भाराचे म्हणून देवापुढे अकरा मोदक. भटजींनी लगेच खोडा घातला की नैवेद्य एकवीसचाच असतो. हे म्हणाले, एकवीस ठेवले तर सोडियम राहणार नाही, भलतंच काही होईल. शेवटी एकवीस देवाला आणि अकरा सायन्सला, अशी दोन ताटं मंजूर झाली. भटजींनी आणखी एक अट घातली की इलेक्ट्रॉननी उजवी घालूनच फिरायचं, प्रदक्षिणेसारखं. तेही मान्य झालं.

खरी गंमत पुढे झाली. देवाला लागून असलेल्या गोलात दोनच पोरं, आणि गावात मोठी माणसं तीन. शेठचा नातू तर आत हवाच. शाळेचे सेक्रेटरी वकील होते, त्यांचा मुलगाही हवा. आणि शाहपुराकडचे जमीनदार, म्हणजे मालगुजार, ज्यांनी मंडपाला बांबू दिले होते, त्यांचा धाकटा का म्हणून दुसऱ्या गोलात फिरेल? शेठ म्हणाले, मास्तर, तीन बसवा, पोरं बारीक आहेत. वकिलांनी विचारलं की हा दोनाचा नियम कोणत्या सालच्या ॲक्टात आहे. मालगुजार म्हणाले, डिप्टी कमिशनरांची माझी ओळख आहे, मी तिसऱ्या जागेची चिठ्ठी आणतो.

ह्यांनी हात जोडले. म्हणाले, चिठ्ठी लाटसाहेबांची आणली तरी पहिल्या कक्षेत तिसरा बसत नाही, साऱ्या ब्रह्मांडात कुठेच बसत नाही. झालं. तिघांनी तीन दिशांना तोंडं फिरवली. वकिलांची बायको हळदीकुंकवाला आली नाही.  मी ह्यांना म्हटलं, बसवा की एक पोरगं जास्तीचं आत, इथे मोजायला कोण बसलंय? हे म्हणाले, "मी बसलोय." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी तोंडावर म्हटलं आणि पाठ फिरवून निजले.

दुसऱ्या दिवशी शेठची समजूत घालताना ह्यांनी एक खरी गोष्ट सांगितली. म्हणाले, शेठजी, आतले दोन इलेक्ट्रॉन गाभ्याला चिकटून असतात, त्यांच्या हातात काही नसतं. पदार्थ कसा वागेल, कोणाशी जोडला जाईल, हे सगळं सर्वांत बाहेरच्या कक्षेतले ठरवतात.

शेठना सायन्स कळत नव्हतं, पण सत्ता कुठे आहे ते बरोबर कळायचं. त्यांनी विचारलं की बाहेरच्या गोलात पोरं किती. हे म्हणाले एकच. म्हणजे सगळा गोल त्या एकाचा? हो, सगळा त्याचा. नातू त्याच क्षणी आतून उठून बाहेर आला.

आता वकिलांना आतली जागा मोकळी झाली होती की नाही? पण छे. शेठचा नातू जिथून उठला तिथे आपला बसवायचा म्हणजे उष्टं खाणं. शिवाय सगळी मुखत्यारी बाहेरच्याच्या हातात, ही बातमी संध्याकाळपर्यंत त्यांच्या बैठकीत पोचली होती. त्यांनाही बाहेरचाच गोल हवा. हे म्हणाले, बाहेर दोन केले तर सोडियम राहत नाही, बारा इलेक्ट्रॉनचं मॅग्नेशियम होतं. वकील म्हणाले, होऊ द्या. हे कबूल झाले, कारण नियम मोडत नव्हता, नुसता पदार्थ बदलत होता. सायन्सच्या ताटात एक मोदक वाढला.

मग काय विचारता! वकील आले म्हटल्यावर मालगुजार आलेच. तेरा इलेक्ट्रॉन, म्हणजे ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम म्हणजे काय, असं शेठाणीबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, ते नाही का जर्मनचं पातेलं, ते. त्या भडकल्या. त्यांच्याकडे नोकरांचा चहा जर्मनच्या पातेल्यात व्हायचा, त्यांचा नातू त्यात कसा फिरणार? उपाय सोपा होता, आणखी एक मोठा माणूस घ्यायचा. कापसाचे दलाल टपलेलेच होते, त्यांचा मुलगा घेतला. पण ते निघालं सिलिकॉन, म्हणजे आपल्या तापीची रेती. तेही नको झालं. मग डॉक्टरांचा घेतला, मग म्युनिसिपालटीच्या मेंबरांचा, तेव्हा गंधक झाला. आणि गंधक तर आम्ही खरजेवर लावायचो. सातवा कंत्राटदारांचा, त्यानं क्लोरीन केला. कॉलऱ्याच्या साथीत म्युनिसिपालटी त्याचीच भुकटी विहिरीत टाकते, हे मेंबरांनीच सांगितलं आणि स्वतःच नाक मुरडलं. राहिली एक जागा, ती शेठनी आपल्या व्याह्यांच्या नातवाला दिली. आठ झाले. बाहेरचा गोल भरला, एकूण अठरा. ज्याला त्याला आपापली जागा मिळाली, आणि गाव पुन्हा एकमेकांशी गोड बोलू लागलं.

ह्या पळापळीत आतल्या दोन जागा, ज्यांच्यावरून डोकी फुटायची वेळ आली होती, त्या आता फुकटही कोणी घेईना. मोठ्यांचं पोर तिथे द्यायला तयार नाही. हे म्हणाले, मला पोरं हवीत, कोणाची का असेनात. आतल्या गोलात आमची मुलगी आली आणि धोब्याचा मुलगा आला. मधल्या आठांत चपराशी, कारकून आणि माळ्यांची पोरं.

देखाव्याच्या आदल्या संध्याकाळी हे जेवता जेवता एकटेच हसायला लागले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, आरगॉन झाला. मी म्हटलं, बरं मग? तर सांगितलं की बाहेरची कक्षा भरली की अणूला कोणाची गरज उरत नाही. सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीनला एक घ्यायचा असतो, म्हणून दोघं मिळून मीठ होतं, जेवणाला चव येते. आरगॉन देत नाही, घेत नाही, काही करत नाही. "त्या लोकांनी हट्टानं एकेक पोर वाढवलं, आणि नेमकं हे बनवलं. मी एक बोट लावलं नाही गं."

मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग धडकी भरली. हे असं डोळे मिचकावून हसले की पुढचं गाव जवळ आलं, हे मी दोनदा भोगलं होतं. मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "उद्या पदार्थाचं नाव सांगा आणि खाली बसा. माझ्या पोटात बाळ आहे. ह्या एका दिवसापुरतं बसा."

ह्यांनी मी सारलेलं ताट पुन्हा माझ्यापुढे ओढलं. मग म्हणाले, बसेन.

दुसऱ्या दिवशी गॅसबत्त्या लागल्या, सनई वाजली, तपासनीस साहेबांना मावा जिलबी खायला घातली आणि ते खुर्चीत पेंगायला मोकळे झाले. पोरं फिरू लागली. शनवाऱ्याचा रस्ता तो केवढा! बाहेरचा गोल आठ पोरांसाठी मोठा काढलेला, तो एका अंगानं नालीवरून जात होता. नालीवर फळी टाकली होती, पण दुसऱ्याच फेऱ्याला शेठच्या नातवाचा पाय फळीवरून घसरून गुडघ्यापर्यंत आत गेला. जरीची मोजडी तिथेच राहिली आणि त्यानं भोकाड पसरलं.

बायकांत माझ्या शेजारी शेठाणीबाई होत्या. त्यांनी मान उंच करून सगळा देखावा पहिल्यांदा नीट पाहिला. मग मला विचारलं, देवाच्या अगदी पायाशी फिरतात ती दोन कोणाची? मी म्हटलं, एक आमची. आणि दुसरा? मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं फेफरं येतंय. त्यांनी गड्याला पिटाळलं, गडी शेठच्या कानाशी लागला, आणि शेठ भर सभेत उभे राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "एकदम सच सांगा. बडा कोण, आतला का बाहेरचा? आणि ही चीज बनली काय? सोना आहे ना?"

आमच्या गावात जरीचं काम. एवढी मोठी माणसं जमल्यावर निदान सोनं तरी व्हावं, ही त्यांची साधी अपेक्षा होती. हे उठले. मी पदराआडून हातानं खूण केली, बसा, नुसतं नाव सांगा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं. आणि मग त्या मऊ आवाजात सुरू झाले.

"सोनं नाही, शेठजी. हा आरगॉन नावाचा वायू आहे. ह्याची बाहेरची कक्षा आठांनी गच्च भरलीय. म्हणून हा कोणाला काही देत नाही, कोणाचं काही घेत नाही, कोणाशी जोडला जात नाही. ह्याच्यापासून आजवर जगात काहीही बनलेलं नाही. आत्ताही इथल्या हवेत तो आहे. आपण त्याला श्वासाबरोबर आत घेतो आणि होता तसा बाहेर टाकतो. तो असला काय नि नसला काय, कोणाला पत्ता लागत नाही. आणि ही करामत माझी नाही, बाहेरच्या आठांची आहे."

 मागे हमाल आणि गिरणीतले लोक उभे होते, त्यांतून कोणी तरी फुस्सकन हसलं, मग आणखी दोघं.  मी मनात भांडी मोजायला लागले, कोणतं ट्रंकेत जाईल, कोणतं पोत्यात. पाचवा महिना लागायच्या आत प्रवास करावा लागेल, हेही मनात आलं. आणि त्या क्षणी ह्यांचा मला असा राग आला की उठून जाऊन कान धरावा.

शेठनी सभोवार पाहिलं. छाती हळूहळू वर आली.

"सुनलं ना सगळ्यांनी?" ते म्हणाले. "कोणाचं देणं नाही, कोणाचं घेणं नाही. ऐऱ्यागैऱ्यात मिसळणं नाही. भरलेलं घर! मास्तर, तुम्ही खानदानीची बात सायन्समधून सांगितली. आमचे वडील हेच सांगत होते."

वकिलांनी टाळी वाजवली. मालगुजारांनी डोळे पुसले, देवाशपथ पुसले. काही करत नाही, ह्याचा अर्थ कंत्राटदारांनी शेजाऱ्याला समजावून सांगितला की त्याला करायची गरजच नसते, त्याच्याकडे माणसं असतात. तपासनीस साहेब टाळ्यांनी जागे झाले आणि 'व्हेरी गुड' म्हणाले. त्यांच्यासाठी आणलेली शाल शेठनी उचलून ह्यांच्या खांद्यावर घातली, साहेबांना नुसत्या नारळावर भागवावं लागलं. आणि तिथेच, कमिटीची सभाबिभा न बोलावता, शेठनी जाहीर केलं की मास्तर आजपासून पक्के. कमिटी म्हणजे तीच समोरची आठ माणसं होती, वेगळी बोलवायची तरी कोणाला?

गाढवापुढे वाचली गीता म्हणतात. पण इथे गाढवांनी नुसती ऐकली नाही, वर गीतेलाच पेंढी घातली.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली, मुलीची दृष्ट काढली. हे शाल पांघरून खाटेवर बसून राहिले. जेवायला उठेनात. मी म्हटलं, अहो, कायम झालात, आता तरी हसा. तर म्हणाले, "मी त्यांना शिवी दिली गं. त्यांनी मला शाल दिली."

मी म्हटलं, मग काय बिघडलं, थंडीत कामाला येईल.

ह्यांनी शाल काढून खुंटीला अडकवली. "खांडव्याचे लोक बरे होते," म्हणाले. "त्यांना निदान राग आला होता."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पोटुशा बाईला एवढं तत्त्वज्ञान परवडत नाही. पुढे मुलगा झाला, दारात तुळस लावली, शेठकडून दिवाळीला फराळाचं ताट येऊ लागलं. हे शाळेत जात, शिकवत, परत येत. हेडमास्तरांनी फळ्यावर काही चुकीचं लिहिलं तर गाव पेटवणारा माणूस आता 'चालायचंच' म्हणू लागला होता. मला ते बरं वाटे. चालायचंच म्हणणाऱ्यांची घरं टिकतात.

वर्ष फिरलं, पुन्हा गणपती आले. गणपती मंडळाच्या सभेतून हे परतले तेव्हा मी भाकरी थापत होते. पाटावर बसून सांगू लागले की शेठ पुन्हा सायन्सच करा म्हणत होते, पण मीच नको म्हटलं. ह्या वर्षी गोवर्धन करू. डोंगराखाली काठ्या लावायला हवी तितकी पोरं घेता येतात, कोणी कमी नाही, कोणी जास्त नाही.

मला वाटलं, आता डोळे मिचकावतील. मी वाट पाहिली. ह्यांनी खिशातला खडू काढून जमिनीवर डोंगर काढला होता आणि मन लावून पोरं उभी करत होते. शेठचा नातू कृष्णाच्या उजव्या हाताला, वकिलांचा डाव्या. मालगुजारांचा मागे पडत होता. ह्यांनी त्याला पुसला, दोनदा इकडेतिकडे केला, आणि काळजीनं मला विचारलं, "इथे उभा केला तर त्यांना वाईट नाही ना वाटणार?"

नाही वाटणार, मी म्हटलं. तवा उतरवला आणि मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. ज्या माणसापायी मी दोन गावं सोडली होती, तो माणूस मला परत हवा होता.